मृत्यूचे कारण आणि कारणाचे नाव : वॉर्सातील बंदिस्त वस्तीचे आरोग्य व मृत्युमान (१९४०–१९४२)

कोणत्याही नगराच्या मृत्युनोंदवहीत तीन रकाने असावयाचेच : मृताचे नाव, मृत्यूचा दिनांक आणि मृत्यूचे कारण. यांपैकी पहिल्या दोहोंत घडलेली गोष्ट जशीच्या तशी उतरते. तिसऱ्या रकान्यात मात्र नोंद करणारास अनेक संभाव्य शब्दांतून एका शब्दाची निवड करावी लागते. अंगावर मांस उरले नाही अशा मनुष्यास ज्वर येऊन तो चौथ्या दिवशी गेला, तर कारण म्हणून ज्वर लिहावयाचा, हृदयक्रिया बंद पडणे लिहावयाचे, की उपासमार ? वैद्यकदृष्ट्या तिन्ही उत्तरांचे समर्थन करता येते. परंतु यांपैकी ज्या उत्तराची निवड होईल त्यावरून त्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते हे ठरते. शांततेच्या काळात हा प्रश्न सांख्यिकी कार्यालयापुरता राहतो. युद्धकाळी, विशेषतः जेथे सत्ताधाऱ्यांनीच वस्तीचा अन्नपुरवठा आवळलेला असतो तेथे, तो तेवढ्यावर थांबत नाही. याचे अत्यंत स्पष्ट आणि सर्वांत अधिक कागदपत्रे उपलब्ध असलेले उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील वॉर्सा शहराचा ज्यू विभाग होय.

या विभागाची स्थूल हकीकत परिचित आहे. तरी पुढील विवेचनापुरती ती सांगणे अवश्य आहे. सप्टेंबर १९३९ च्या अखेरीस वॉर्सा जर्मन सैन्याच्या हाती पडले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात करविलेल्या गणनेत शहरात सुमारे ३ लाख ६० हजार ज्यू असल्याचे आढळले. १९४० च्या वसंतऋतूत भिंती उभारण्यास प्रारंभ झाला, ऑक्टोबरात वस्ती वेगळी करण्याचा हुकूम सुटला आणि १६ नोव्हेंबर १९४० रोजी विभागाची दारे बंद झाली. सुमारे ३.४ चौरस किलोमीटर क्षेत्रात चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. १९४१ च्या पहिल्या तीन महिन्यांत आसपासच्या गावांतून हुसकावून लावलेले सुमारे ६६ हजार ज्यू आणखी आत आणले गेले व मार्चमध्ये लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली. एका खोलीत सरासरीने सात किंवा त्याहून अधिक माणसे राहत होती. निर्वासितांना ज्या रिकाम्या शाळांत व सभागृहांत ठेवले गेले त्यांस पोलिश भाषेत 'पुंक्त', म्हणजे नुसता 'बिंदू' किंवा 'ठिकाण', असे म्हणत. या निर्विकार शब्दाने दर्शविलेल्या जागांतील मृत्युमान सबंध वस्तीत सर्वाधिक होते.

वस्तीच्या अधिकृत नावांकडे पाहिले असता एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. जर्मन प्रशासनाच्या कागदांत तिचे नाव 'यूडिशर वोनबेत्सिर्क', अर्थात 'ज्यू निवासी विभाग' असे होते. जणू एखाद्या नगररचनेच्या आराखड्यातील ते एक उपनगरच. त्यापूर्वी, भिंती पुऱ्या होण्याच्याही आधी, त्याच भागाच्या सीमेवर 'झॉयखेनश्पेरगेबीट' असे फलक लागले होते. 'झॉयखे' म्हणजे साथीचा रोग, 'श्पेर' म्हणजे अटकाव, 'गेबीट' म्हणजे प्रदेश. मराठीत सांगावयाचे तर 'साथीमुळे प्रवेशबंद केलेला प्रदेश'. जर्मन भाषेतील समासाची ही शक्ती विलक्षण आहे. वाक्यात ज्या गोष्टीचे विधान करावे लागले असते, आणि म्हणून जिच्यासाठी पुरावा मागता आला असता, ती समासात गृहीत धरली जाते. या प्रदेशात साथ आहे, असे तो फलक सांगत नाही. साथ असल्याचे धरून चालतो. पुढे १९४१ मध्ये पोलिश भाषेत जी भित्तिपत्रके लावण्यात आली त्यांवर 'ज्यू – उवा – टायफस' असे तीनच शब्द होते. त्यांत क्रियापद नव्हते. क्रियापद नसल्यामुळे त्यात विधानही नव्हते आणि ज्यात विधान नाही ते खोडूनही काढता येत नाही.

काळाचा क्रम मात्र फलकांना अनुकूल नाही. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात उद्ध्वस्त शहरात टायफसचे रुग्ण आढळले होते हे खरे. परंतु तो उद्रेक १९४० मध्ये ओसरला. वस्ती बंद झाली तेव्हा साथ चालू नव्हती. साथ वाढली ती भिंतींच्या आत, १९४१ च्या वसंतापासून पुढे. म्हणजे ज्या रोगाच्या नावावर भिंत उभारली गेली तो रोग भिंतीनेच निर्माण केला.

येथे रोगाच्या नावाविषयी थोडे विवेचन करणे भाग आहे, कारण या विषयाच्या अभ्यासकाला कागदपत्रे वाचताना ते पदोपदी अडते. ग्रीक भाषेतील 'टायफोस' या शब्दाचा अर्थ धूर, धुके, आणि त्यावरून बुद्धीवर येणारी झापड असा होतो. ज्या ज्वरात रोगी भ्रमिष्ट होतो त्यास अठराव्या शतकातील वैद्यांनी हे नाव दिले. पुढे पोटाच्या विकाराने येणारा तसाच दिसणारा ज्वर वेगळा काढून त्याला 'टायफॉइड', म्हणजे टायफससदृश, म्हणू लागले. १८३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या गेरहार्डने हे दोन रोग भिन्न असल्याचे स्पष्टपणे दाखविले. इंग्रजीने दोन्ही नावे ठेवली. जर्मनीत मात्र उलटापालट झाली : जर्मन 'टीफुस' म्हणजे आपला टायफॉइड, आणि टायफसला तेथे 'फ्लेकफीबर', म्हणजे ठिपक्यांचा ज्वर, म्हणतात. पोलिश भाषेने दोहोंसाठी 'तिफुस' हाच शब्द ठेवून विशेषणाने भेद केला : 'तिफुस प्लामिस्ती' हा ठिपक्यांचा, 'तिफुस ब्झुश्नी' हा पोटाचा. जर्मन कागदातील 'टीफुस' जो कोणी डोळे मिटून 'टायफस' असा उतरवील तो एका रोगाचे रुग्ण दुसऱ्याच्या खात्यावर घालील. मराठीतही ही अडचण आहेच. टायफॉइडला विषमज्वर किंवा आंत्रज्वर आणि टायफसला प्रलापक सन्निपात ज्वर असे पारिभाषिक शब्द आहेत. परंतु वृत्तपत्रांत दुसऱ्याला जागा पहिल्याचीच मिळते. प्रस्तुत लेखात टायफस हा शब्द सर्वत्र उवांद्वारे पसरणाऱ्या ज्वरासाठीच योजिला आहे.

उवांचा हा संबंध शार्ल निकोल याने ट्यूनिस येथे १९०९ मध्ये सिद्ध केला. रोगजंतू उवेच्या विष्ठेत असतात आणि खाजविल्याने त्वचेला पडलेल्या ओरखड्यांतून ते शरीरात शिरतात. अंगावरची ऊ कपड्याच्या शिवणीत राहते. तिला मनुष्यशरीराची नेमकी ऊब लागते; म्हणून ज्वराने तापलेले शरीर ती सोडते, थंड पडत चाललेले प्रेतही सोडते, आणि जवळच्या अंगावर जाते. गरम पाणी, साबण, इंधन आणि कपड्यांचा दुसरा जोड एवढी सामग्री ज्या घरी आहे तेथे टायफस टिकत नाही. वॉर्साच्या बंदिस्त विभागात यांपैकी एकही गोष्ट सामान्य कुटुंबाला मिळण्याजोगी नव्हती. हिवाळ्यात नळ गोठत. कोळसा सोन्याच्या मोलाने विके. अंगावरचे कपडे विकून भाकरी घेतल्यानंतर जे उरे ते रात्रंदिवस अंगावरच ठेवावे लागे. ज्या खोलीत आठ माणसे एकमेकांस चिकटून निजतात तेथे उवेला फार दूर जावे लागत नाही.

अन्नाची स्थिती याहून वाईट होती. १९४१ सालच्या शिधापत्रकांवर जर्मनांस दररोज २,६१३, पोलिश लोकांस ६९९ आणि ज्यूंस १८४ उष्मांक मिळावेत अशी तरतूद होती. १८४ उष्मांक म्हणजे भाकरीचा एक जाडसा तुकडा. या शिध्यावर मनुष्य काही आठवड्यांपलीकडे जगूच शकत नाही, आणि ज्या अर्थी वस्ती दीड वर्षाहून अधिक काळ जगली त्या अर्थी तिचे खरे अन्न दुसरीकडून येत होते हे उघड आहे. ते चोरट्या वाटेने येत होते : भिंतीच्या भगदाडांतून, न्यायालयाच्या इमारतीतून, ट्रामगाडीतून, आणि विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांच्या आत दडवून. वस्तीत येणाऱ्या अन्नापैकी सुमारे ८० टक्के अन्न असे येत असावे असा अंदाज केला जातो. तरीही रुग्णालयांत येणाऱ्या भुकेल्यांचा प्रत्यक्ष आहार तेथील डॉक्टरांच्या हिशेबाने दिवसाला ८०० उष्मांकांच्या आसपास होता व त्यात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नव्हतेच.

आता आकड्यांकडे वळावयास हरकत नाही. १९४१ च्या जानेवारीत वस्तीत ८९८ मृत्यूंची नोंद झाली. फेब्रुवारीत १,०२३, मार्चमध्ये १,६०८, एप्रिलमध्ये २,०६१. मेमध्ये आकडा एकदम ३,८२१ वर गेला. जूनमध्ये ४,२९०, जुलैत ५,५५०, ऑगस्टमध्ये ५,५६०. त्यानंतर सप्टेंबरात ४,५४५, ऑक्टोबरात ४,७१६, नोव्हेंबरात ४,८०१ आणि डिसेंबरात ४,३६६. वर्षाची बेरीज ४३,२३९ होते. सरासरी लोकसंख्या चार लाख तीस हजारांच्या आसपास धरली तर हे मृत्युमान हजारी १०० च्या घरात जाते. म्हणजे एका वर्षात दर दहा माणसांपैकी एक. जानेवारीची गती वर्षभर टिकली असती तर मान हजारी २५ च्या थोडे वर राहिले असते. ऑगस्टच्या गतीने ते हजारी १५० होते. वस्ती बंद झाल्यापासून १९४२ च्या मध्यापर्यंत भूक व रोग यांनी सुमारे ८३ हजार माणसे गेली असे सामान्यतः मानले जाते. नोंद न झालेले मृत्यू धरून काही अभ्यासकांनी हा आकडा एक लाखाच्या वर नेला आहे.

नोंद न होण्याची कारणे समजण्याजोगी आहेत. मृताचे शिधापत्रक कुटुंबास आणखी काही दिवस वापरता यावे आणि दफनाचा खर्च टळावा म्हणून प्रेते रात्री रस्त्यावर ठेवली जात. अंगावरचे कपडे काढून घेतलेले असत आणि वर कागद घातलेला असे. सकाळी हातगाड्या ती नेत व दफनभूमीच्या सामुदायिक खड्ड्यांत टाकीत. या प्रेतांना मृत्युसंख्येत स्थान मिळाले, पण नावाच्या रकान्यात नाही. टायफसच्या नोंदी याहूनही अपुऱ्या राहिल्या, आणि त्याचे कारण म्हणजे रोगाविरुद्ध योजलेले अधिकृत उपायच होत.

एखाद्या घरात टायफसचा रुग्ण सापडला की सबंध इमारत कोंडली जाई. रहिवाशांस स्नानगृहाकडे नेत व त्यांची घरे आणि कपडे यांना वाफ व गंधकाचा धूर देत. वस्तीत या विधीला 'पारुव्का' म्हणत. पोलिश भाषेत हा शब्द वाफेशी संबंधित असून उकडलेल्या सॉसेजलाही तोच आहे. लोकांनी तो कडवट विनोदाने वापरला यात नवल नाही. वाफ पुरेशी नसे, कपडे फाटून किंवा चोरीस जाऊन परत येत, साठविलेले थोडेबहुत अन्न नाहीसे होई, आणि स्नानगृहाबाहेर तासन् तास थंडीत उभ्या असलेल्या गर्दीत स्वच्छ माणसालाही उवा लागत. ज्याच्याजवळ पैसे असत तो लाच देऊन सुटे. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले आणि डॉक्टरही त्यांना साहाय्य करू लागले. अधिकृत आकडा खाली राहिला. साथ वर गेली. सक्तीच्या आरोग्यव्यवस्थेचा अनुभव अन्यत्रही असाच आहे. फरक इतकाच की येथे व्यवस्था करणारांना रोग्याचे रक्षण करावयाचे नव्हतेच.

या स्थितीत वस्तीतील डॉक्टरांनी जे केले त्याला आधुनिक सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे. ज्यू मंडळाच्या आरोग्यविभागाचे प्रमुख इझ्राएल मिलेयकोव्स्की होते. १९४१ च्या आरंभी लुडविक हिर्शफेल्ड वस्तीत आणले गेले. रक्तगट आनुवंशिक असतात हे १९१० मध्ये फोन डुंगेर्नसह दाखवून देणारा हा शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात सर्बियाच्या टायफसग्रस्त सैन्यात काम करून आला होता; तेव्हा हा रोग त्याला पुस्तकातून माहीत नव्हता. आरोग्य परिषदेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. व्याख्याने, घरोघरी स्वच्छतेची शिकवण, इमारतींच्या रहिवासी समित्यांमार्फत देखरेख, सार्वजनिक स्वयंपाकघरे, आणि रुग्णास घरीच अलग ठेवण्याचा आग्रह असे त्या कार्याचे स्वरूप होते. ल्वूव्ह येथे रूडोल्फ व्हाइगल उवांच्या आतड्यांपासून जी लस तयार करीत असे तिचीही काही मात्रा चोरून आत आली. परंतु ती इतकी थोडी व महाग होती की चार लाखांच्या वस्तीस तिचा उपयोग नाममात्रच झाला.

याच काळात युलियुश झ्वाइबाउम यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. अधिकाऱ्यांच्या परवानगीच्या कागदावर त्याचे नाव साथीच्या रोगांशी लढण्याचे स्वच्छताविषयक शिक्षण असे होते. प्रत्यक्षात ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांचे शिक्षण होते, जे ज्यूंना पूर्णपणे निषिद्ध होते. सुमारे ५०० विद्यार्थी तेथे शरीरशास्त्र, रसायन आणि जंतुशास्त्र शिकले. हिर्शफेल्डही तेथे शिकवीत असे. ज्या 'साथ' या शब्दाने भिंत उभारली होती तोच शब्द भिंतीच्या आत असा उपयोगी पडला.

ऑक्टोबर १९४१ हा या इतिहासातील निर्णायक महिना होय, आणि त्या महिन्यात दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडल्या. महिन्याच्या मध्यास क्रीनित्सा या आरोग्यस्थानी व्यापलेल्या पोलंडमधील जर्मन डॉक्टरांची परिषद भरली. प्रशासनाच्या आरोग्यविभागाचा प्रमुख योस्ट वाल्बाउम याने तेथे सांगितले की मार्ग दोनच आहेत : वस्तीतील ज्यूंना उपासमारीने मरू द्यावे किंवा त्यांना गोळ्या घालाव्या. सभावृत्तात या ठिकाणी टाळ्यांची नोंद आहे. त्याच दिवसांत, १५ ऑक्टोबरच्या हुकुमाने, परवानगीवाचून वस्तीबाहेर पडणाऱ्या ज्यूस देहान्त शिक्षा ठरविण्यात आली; कारण देण्यात आले ते टायफसचा प्रसार थांबविण्याचे. भाकरीसाठी बाहेर पडणारे मूल आता रोगप्रतिबंधाच्या नावाखाली मारता येऊ लागले.

दुसरी गोष्ट अशी की त्याच महिन्याच्या अखेरीस टायफसची साथ ओसरू लागली. टायफस हा हिवाळ्याचा रोग. थंडीत माणसे एकत्र कोंडतात, कपडे बदलत नाहीत आणि उवा वाढतात. वॉर्सातील साथ मात्र थंडी पडण्याच्या वेळीच खाली आली. हे कसे घडले याचे त्या काळीही आश्चर्य वाटले होते. २०२० मध्ये लुई स्टोन, दाइहाय हे, श्टेफान लेनश्टेट व याएल आर्त्सी-रांड्रुप यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने या प्रश्नाची छाननी केली. त्यांच्या अंदाजाने सुमारे १ लाख २० हजार लोकांना बाधा झाली व त्यांपैकी सुमारे ३० हजार थेट टायफसने मरण पावले. आणि रहिवाशांचे प्रयत्न नसते तर आणखी लाखभर लोकांना बाधा झाली असती. बाधा होण्याजोगी माणसेच उरली नाहीत म्हणून साथ आपोआप संपली, हे स्पष्टीकरण त्यांच्या गणितात बसत नाही. या निष्कर्षावर एक मर्यादा घालणे उचित होईल. १९४१ च्या मे महिन्यापासून वस्तीच्या श्रमाचा उपयोग करून घेण्याचे नवे जर्मन धोरण आले व अन्नाची आवक किंचित सुधारली, हेही एक कारण असू शकते. प्रतिमानातून प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढता येत नाही. परंतु वस्तीच्या आतील प्रयत्नांचे श्रेय त्यामुळे नाहीसे होत नाही.

आता वर दिलेल्या मासिक आकड्यांकडे पुन्हा पाहावे. साथ ऑक्टोबरच्या अखेरीस उतरू लागली. टायफसचा रोगी साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत बरा तरी होतो किंवा मरतो. म्हणजे मृत्युसंख्या नोव्हेंबरच्या अखेरपासून झपाट्याने खाली यावयास हवी होती. ती आली नाही. डिसेंबरात ४,३६६ मृत्यू झाले. १९४२ च्या जानेवारीत ५,१२३, फेब्रुवारीत ४,६१८, मार्चमध्ये ४,९५१. जानेवारीचा आकडा तर साथीच्या शिखरावरील जुलै-ऑगस्टच्या आकड्यांच्या जवळ जातो, आणि तोही लोकसंख्या दरम्यान घटलेली असताना. साथ गेली तरी मृत्यू तेवढेच राहिले. ज्या कारणाच्या नावाने वस्ती बंद केली होती ते कारण दूर झाले असतानाही ती त्याच गतीने मरत होती, आणि मरण्याचे कारण शिधापत्रकावर छापलेले होते. टायफस हा या मृत्यूंतील मोठा वाटेकरी होता हे नाकारण्याचे कारण नाही; तीस हजार मृत्यू ही लहान संख्या नव्हे. परंतु तो भुकेच्या पाठीवर बसून आला व भुकेला मागे ठेवून गेला.

भुकेला तिचे नाव देण्याचे काम वस्तीतील डॉक्टरांनी केले. १९४२ च्या फेब्रुवारीत मिलेयकोव्स्कींच्या पुढाकाराने चिस्ते रुग्णालय आणि बेर्सन व बाउमन मुलांचे रुग्णालय येथे उपासमारीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. २८ डॉक्टरांनी त्यात भाग घेतला. त्यांत युलियान फ्लीदरबाउम, एमिल आप्फेलबाउम, आना ब्राउदे-हेलेर व युझेफ श्टाइन हे होते. ते स्वतःही उपाशीच होते. अभ्यासाला त्यांनी 'होरोबा ग्वोदोवा', म्हणजे 'भुकेचा रोग' असे नाव दिले. हे नाव विचारपूर्वक घेतलेले दिसते. 'भूक' ही सर्वांना येणारी संवेदना आहे आणि 'दुष्काळ' ही निसर्गाची आपत्ती मानली जाते. 'रोग' म्हटले की मात्र लक्षणे, क्रम, मोजमाप आणि कारणमीमांसा हे सर्व ओघाने येते. नाडी मंद होणे, रक्तदाब व शरीराचे तापमान उतरणे, त्वचा काळवंडणे, अंगावर सूज येणे, रक्तातील साखर घटणे, हालचालींची व मनाचीही गती मंदावणे असा त्या रोगाचा क्रम त्यांनी नोंदविला. एका तीस वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन २४ किलोग्रॅम भरले. क्षयरोग्यांची ट्युबरक्युलिन चाचणीही नकारार्थी येऊ लागते, म्हणजे शरीर रोगाला उत्तर देण्याचेच सोडून देते, हे निरीक्षण पुढील काळातील कुपोषणाच्या अभ्यासकांना फार उपयोगी ठरले.

शवविच्छेदनाच्या विभागातील एक आकडा येथील प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९४० च्या आरंभापासून जुलै १९४२ पर्यंत ३,६५८ शवविच्छेदने झाली. त्यांपैकी ४९२ मृत्यूंत भुकेवाचून दुसरे कोणतेही कारण सापडले नाही. हे प्रमाण सुमारे साडेतेरा टक्के पडते. घाईने वाचणारा म्हणेल की भुकेने फक्त साडेतेरा टक्केच मेले. खरा अर्थ वेगळा आहे. उरलेल्यांपैकी कितीएकांत भूक होतीच, पण तिच्याबरोबर क्षय, हगवण, न्यूमोनिया किंवा टायफस यांपैकी काही ना काही आढळले, आणि म्हणून नियमानुसार ते मृत्यू त्या त्या रोगाच्या नावावर गेले. शुद्ध भुकेने मरण्यासाठी मनुष्याला इतर सर्व रोगांतून सुटावे लागते. वस्तीत तशी संधी थोड्यांनाच मिळाली. मृत्यूच्या कारणाचे वर्गीकरण स्वभावतःच भुकेला झाकते. त्याच युद्धात १९४३ मध्ये बंगालमध्ये हेच झाले : सरकारने दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही, आणि खेड्यांच्या मृत्युनोंदींत लाखो माणसे 'ज्वर' या एका शब्दाखाली गेली. लेनिनग्राडच्या वेढ्यात डॉक्टरांनी 'आहारजन्य क्षीणता' अशा अर्थाचा शब्द वापरला. तो शास्त्रीय होता, पण त्यात भूक हा शब्द नव्हता. वॉर्साच्या डॉक्टरांनी तो शब्द वगळला नाही.

२२ जुलै १९४२ रोजी वस्तीतून त्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या आणि अभ्यास थांबला. सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार माणसे नेण्यात आली. प्रशासनाचा शब्द 'उमझीडलुंग', म्हणजे स्थलांतर, असा होता. त्यामुळे ही माणसे वस्तीच्या मृत्युनोंदवहीत येत नाहीत. १९४२ च्या उत्तरार्धातील मासिक मृत्युसंख्या मागील आकड्यांशी जोडून जो आलेख काढील त्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. उरलेल्या डॉक्टरांनी शरद ऋतूत मिळाली तेवढी टिपणे जुळविली व हस्तलिखित भिंतीबाहेर प्राध्यापक व्हितोल्द ओर्वोव्स्की यांच्याकडे पोचविले. लिहिणारांपैकी बहुतेक जण युद्ध संपण्यापूर्वीच गेले. आप्फेलबाउम वाचले, त्यांनी युद्धानंतर हस्तलिखित परत मिळविले आणि १९४६ मध्ये ते वॉर्सा येथे 'होरोबा ग्वोदोवा' या मूळ नावानेच छापले गेले. मायरन विनिक यांनी संपादिलेली इंग्रजी आवृत्ती १९७९ मध्ये निघाली.